दोन मजल्यांमधली खोली

कंपनीत कुलूपकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या खिडकीतून ते नाव पुकारलं गेलं की काका स्वतःच मागे वळून बघायचे, हा कोण बुवा नवीन, म्हणून. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आणि त्या हयातीत त्यांनी एकच नेम पाळला. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते त्यात, पाय टाकायचा तर आधी मेन स्विच खाली ओढायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली दोरीने गळ्यात अडकवायची. मग साक्षात साहेब आले तरी ते कुलूप दुसऱ्या कुणी उघडायचं नाही. फार वर्षांपूर्वी एका उतावळ्या माणसाने "झालं का?" असं विचारून उत्तराची वाट न बघताच स्विच वर केला होता. त्या दिवशी काकांच्या डाव्या हाताची करंगळी गेली. "करंगळीवर निभावलं," असं ते सांगायचे आणि सांगताना गळ्यातली किल्ली चाचपायचे. पुढे त्यांनी जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावलं, हत्यारांच्या पेटीला तर दोन लावली. "माझ्या तोंडाचं तेवढं राहिलंय," असं बायको म्हणायची. "त्या मापाचं मिळत नाही," असं काका म्हणायचे.

अशा माणसाच्या हाताखाली कंपनीने एक मुलगी पाठवली. काकांनी तिला नखशिखान्त पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "पोरी, हे काम तुझं नाही. केस अडकतील."

"कापते की," ती म्हणाली. "तुमच्याइतके कमी नाही व्हायचे, पण बघते."

काकांच्या डोक्यावर केसांचा मागमूस नव्हता. ते हसले नाहीत, पण त्यांनी तिला घालवूनही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मानेपर्यंत केस कापून आली आणि शाफ्टच्या भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या अशा काही सरसर चढून गेली की खाली उभ्या असलेल्या काकांच्या तोंडून "अरे, ही तर खार आहे" असं निघून गेलं. तेव्हापासून ती सगळ्यांची खारूताई झाली. तिचे वडील एका जुन्या इमारतीत लिफ्टमन होते. शाळा सुटली की ती त्यांच्या स्टुलाशेजारी फतकल मारून गृहपाठ करायची. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, आपल्याला वर ओढतं कोण?" वडील म्हणाले होते, "मालक." तिला काही ते पटलं नाही. मग ती स्वतःच बघायला गेली आणि मेकॅनिक होऊनच परत आली.

काही वर्षांत काका आणि खारूताई ही जोडी कंपनीत नावाजली गेली. मग ती बाळंत झाली. महिने गेले आणि एका सकाळी ती पुन्हा कामावर हजर झाली, तीच खाकी पँट, तोच शर्ट, फक्त खांद्यावर एक जाडजूड निळी पिशवी जास्तीची. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काका, मी जरा पंप करून येते."

"कुठला पंप बिघडला?" काकांनी पाना उचलला.

ती एवढी हसली की तिला जिन्याचा कठडा धरावा लागला. मग तिने सरळ सांगून टाकलं. बाळ घरी आहे, दूध इथे आहे. दर काही तासांनी ते काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप येतो, आणि काढणं सोडलं तर दूधच आटतं. काढलेलं दूध पिशव्यांत भरून बर्फात ठेवायचं, घरी न्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी आपण कामावर असताना सासूबाई ते बाळाला पाजतात. कुलूपकाकांचे कान लाल झाले. त्यांना तीन मुलं होती, पण या विषयावर एवढी वाक्यं त्यांनी सलग कधी ऐकली नव्हती.

प्रश्न जागेचा होता. रोज नवी इमारत, आणि कुठल्याच इमारतीत अशा कामाला खोली नसते. स्वच्छतागृहाकडे बोट दाखवणारे भेटायचे. "संडासात बसून तुम्ही कुणाचं जेवण बनवाल का?" असं ती त्यांना विचारायची. एकदा सामानाच्या खोलीत बसली तर झाडू न्यायला तीन माणसं आली, आणि झाडू एकच होता. मग एक दिवस काकांना लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच उभी दिसली. दाराच्या फटीला तोंड लावून ते ओरडले, "खारे, अडकलीस का?"

"नाही काका," आतून आवाज आला. "अडकवून घेतलंय."

लिफ्टच्या आतल्या पॅनलमध्ये मेकॅनिकच्या किल्लीने फिरणारा एक स्विच असतो. तो फिरवला की लिफ्ट असेल तिथे थांबते आणि बाहेरून कुणी कितीही बटणं दाबली तरी जागची हलत नाही. दिवा चालू, पंखा चालू, आणि दाराबाहेर नुसती भिंत. खारूताईला जगातली सगळ्यात सुरक्षित खोली सापडली होती. प्रत्येक इमारतीत ती असते आणि नकाशात कुठेच दाखवलेली नसते. काकांनी पेटीतून "काम चालू आहे" ही पाटी काढली आणि मजल्यावरच्या दाराला अडकवली. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून पाटी लावणं हे काकांचं काम झालं.

संध्याकाळी ती घरी पोचायची तेव्हा छाती पुन्हा भरून आलेली असायची आणि आत बाळाने घर डोक्यावर घेतलेलं असायचं. त्याला घरात बोक्या म्हणत, दुधाच्या बाबतीतली त्याची एकाग्रता बघून. कपडे बदलायला सवड कुठली? ती हात स्वच्छ धुवायची, छाती पुसायची आणि ग्रीस लागलेल्या शर्टातच बसून त्याला जवळ घ्यायची. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पोराला दूध पाजतेस की इंजिनाचं तेल? अंघोळ करून घ्यावी माणसाने आधी." सासूबाईंची जीभ तिखट होती, पण सुनेच्या मागे दिवसभर पोराला खांद्यावर घेऊन फिरणारेही त्यांचेच हात होते.

मग ते बाहेरगावचं काम आलं. एका उंच ऑफिसच्या इमारतीत एकच लिफ्ट, आणि तिचे लोखंडी दोर बदलायचे होते. चार दिवसांचा मुक्काम होता. साहेबांनी खारूताईला बोलावून मायेनेच सांगितलं, "तू राहू दे. तुला टेबलाचं काम देतो. तक्रारीचे फोन घ्यायचे, गार हवेत बसायचं."

एकदा टेबलावर बसवलेला मेकॅनिक पुन्हा शाफ्टमध्ये गेलेला तिने पाहिला नव्हता. "हा दौरा करू द्या, साहेब. जमलं नाही तर बसते टेबलावर."

"ठरलं," साहेब म्हणाले.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बोक्याला डब्याचं दूध चालत नव्हतं. दोनदा देऊन पाहिलं होतं, दोन्ही वेळा अंगभर गांधी उठल्या होत्या आणि डॉक्टरांनी मान हलवली होती. घरच्या फ्रीजमध्ये साठवलेलं आईचं दूध चार दिवस कसंबसं पुरलं असतं. "आणि पुढे?" सासूबाई म्हणाल्या. "शिवाय चार दिवस बाटलीवर राहिलेलं पोर परत अंगावर येत नाही. माझ्या बहिणीच्या सुनेचं तेच झालं. पोराने तोंड फिरवलं ते फिरवलंच."

खारूताईने सरळ हिशेब मांडला. चार दिवस तिथे दूध काढत राहायचं, म्हणजे ते आटणार नाही. तिथल्या फ्रीजमध्ये गोठवायचं आणि बर्फातून घरी आणायचं, म्हणजे पोर रुसलंच तर ते परत अंगावर येईपर्यंत त्याच्यापुरतं दूध हाताशी असेल. निळ्या पिशवीत तिने बर्फाच्या विटा भरल्या आणि ती निघाली. बसमध्ये ती पिशवी काकांनी मांडीवर घेतली. रिकामीच होती, तरी घेतली.

इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक चिंचोळी पॅन्ट्री होती आणि तिच्यात एक म्हातारा फ्रीज. त्याचं दार नीट लागत नसे, त्याला खुर्ची टेकवून ठेवावी लागे, पण वरचा कप्पा बर्फ धरत होता. तिथून छोटा जिना चढला की मशीन रूम, म्हणजे लिफ्टची मोटर बसवलेली खोली. पहिले तीन दिवस मोजमापं, साफसफाई, ब्रेकचं काम चाललं. ठरलेल्या वेळी काका पाटी लावत, खारूताई दोन मजल्यांमधल्या आपल्या खोलीत जाई आणि थोड्या वेळाने छोटी पांढरी पिशवी घेऊन वर येई. फ्रीजच्या कप्प्यात पिशव्यांची चळत वाढत चालली. काका जाता येता खुर्ची नीट टेकवली आहे ना ते बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन रूममध्ये तिचा फोन वाजला. सासूबाईंनी पोराला फोनसमोर धरलं होतं. तो भुकेने कुरकुरत होता, बाटली गरम होत होती. खारूताई "आले रे, आले रे राजा" म्हणत होती, आणि बोलता बोलता ती एकदम गप्प झाली. तिच्या शर्टावर दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले. काकांनी झटकन पाठ फिरवली. पाठ फिरवून ते मोटरीकडे बघत उभे राहिले, पण मोटर त्यांना दिसत नव्हती.

सगळं आयुष्य त्यांनी यंत्रांचं ऐकण्यात घालवलं होतं. बटण दाबलं की मोटर का फिरते, ब्रेक कधी सुटतो, कुठली तार कुठे जाते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. इथे तार नव्हती. कित्येक मैलांवर एका मुठीएवढ्या जिवाने कुरकुर केली आणि इकडे पान्हा फुटला. तिने ठरवलं नव्हतं, तिला विचारलंही नव्हतं. एवढं अंतर, मध्ये एवढ्या भिंती, आणि तरी आवाज थेट आत जाऊन पोचला होता. आपल्या घरातही हे तीनदा घडून गेलं आणि आपण तेव्हा कुठल्या ना कुठल्या गावच्या मशीन रूममध्ये होतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं. संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन केला.

"काय गं, दुखायचं का तुला?"

"काय?"

"पोरं अंगावर होती तेव्हा. मी दौऱ्यावर असताना."

बायको म्हणाली, "आज विचारताय? धाकटाही बाप झाला की हो." आणि मग म्हणाली, "दुखायचं." आवाज मात्र तिखट नव्हता.

चौथा दिवस दोर बदलण्याचा. त्यासाठी मुद्दाम सुट्टीचा दिवस धरला होता, खालची सगळी दालनं कुलूपबंद होती आणि फाटकावर एक पहारेकरी तेवढा होता. सकाळीच लिफ्ट वर आणून साखळीला टांगली. काकांनी मेन स्विच खाली ओढला, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात टाकली, एकदा कुलूप ओढून पाहिलं, सवयीने परत एकदा ओढून पाहिलं, आणि टोपीवरचा दिवा लावून ते शाफ्टमध्ये उतरले. लिफ्टच्या टपावर उभं राहून जुने दोर सोडायचे आणि नवे बांधायचे. वर मशीन रूममध्ये खारूताई दोर सोडत, ओढत, "येतोय", "थांब", "सोड" या हाकांना उत्तरं देत होती. अशा वेळी वरच्या माणसाने खालच्याला सोडून जायचं नसतं.

दुपारी ती म्हणाली, "काका, माझी वेळ झाली." आज लिफ्ट टांगलेली, म्हणजे तिची खोलीही टांगलेली. काका खालून म्हणाले, "मी टोकं आवळतोय. तू तिथेच उरकून घे." तिने तिथेच, मोटरीकडे पाठ करून, उरकलं आणि पिशवी ठेवायला दोन उड्यांत जिना उतरून पॅन्ट्रीत गेली.

फ्रीजचं दार उघडलं आणि आतला दिवा लागला नाही.

कुणा उपद्व्यापी वायरमनने कधीकाळी लिफ्टच्या लाइनीवरून तार ओढून त्या फ्रीजला जोडली होती. काकांचं कुलूप फ्रीजलाही लागलं होतं, सकाळपासून. खाली पाण्याचं थारोळं होतं. बर्फाच्या विटांचं पाणी झालं होतं. तिने एकेक पिशवी हातात घेतली. बऱ्याचशा लिबलिबीत झाल्या होत्या, पण कित्येकांच्या मधोमध अजून बर्फाचा खडा लागत होता. आत्ता, या घटकेला वीज आली असती तर तेवढ्या तरी वाचल्या असत्या. वरच्या मजल्यावर दुसरा एकही जिवंत सॉकेट नव्हता. वीज यायची एकच वाट होती, आणि त्या वाटेची किल्ली शाफ्टमध्ये टांगलेल्या लिफ्टच्या टपावर, एका माणसाच्या गळ्यात होती. जुने दोर सुटलेले, नवे अर्धे बांधलेले.

एक हाक मारायची होती, बस्स. "काका, दूध गेलं" एवढी. काका चटकन वर यायला निघाले असते. चटकन, हीच तर भीती होती. तिने फ्रीजचं दार लावलं, खुर्ची टेकवली, आणि जिना चढून ती पुन्हा दोराशी उभी राहिली.

"ठेवलंस नीट?" खालून आवाज आला.

"ठेवलं काका."

"मग सोड पुढचा. सावकाश."

"सावकाश," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली. येतोय, थांब, सोड, सावकाश. काकांना तिच्या आवाजात तसूभरही फरक जाणवला नाही. हे त्यांना नंतर आठवायचं आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

शेवटचं टोक तपासून काका वर आले. घाम पुसला, किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि स्विच वर केला. त्याच क्षणी खालून, जिन्याच्या पायथ्यापासून, एक ओळखीचा आवाज आला. घुर्र करून, खोकून, फ्रीज चालू झाला.

काकांचा हात स्विचवरच राहिला. असल्या कानांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी खारूताईकडे पाहिलं. ती चिंधीने हात पुसत होती, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होती.

"कधी कळलं तुला?"

"दुपारी."

"दुपारी? आणि मला हाक नाही मारलीस?"

"कशी मारू?" ती म्हणाली. "तुमचा हात हलला असता, काका. दूध काय, परत येईल."

कुलूपकाका मशीन रूमच्या जमिनीवर बसले. आपली करंगळी गेली तेव्हा ते रडले नव्हते. आज त्यांना आवरेना. ज्या कुलपावर त्यांनी आयुष्यभर विश्वास टाकला, त्याच कुलपाने त्या पोराच्या तोंडचा घास घेतला होता. आणि त्या पोराची आई दुपारभर दोराला धरून, छातीवर दगड ठेवून, ते त्यांच्यासाठी वाया जाऊ देत उभी होती. हे धैर्य कसलं, ते कुठून येतं, त्यांना कळेना. त्यांना फक्त तिच्यापुढे उभं राहवेना.

पॅन्ट्रीच्या बेसिनमध्ये तिने पिशव्या एकेक करून ओतल्या. तोवर तिचा चेहरा शाबूत होता. शेवटच्या पिशवीला मात्र ती "हे तर कालच्या सकाळचं" एवढंच म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडली. काका शेजारी रिकामी निळी पिशवी धरून उभे राहिले. मग तिने तोंड धुतलं. "चला, चाचणी राहिलीय," ती म्हणाली, आणि नव्या दोरांवर लिफ्ट लोण्यासारखी वरखाली गेली.

सकाळच्या बसला निघण्याआधी तिने लॉजवर बादल्यांवर बादल्या ओतून अंघोळ केली. वासाचा साबण, डोक्यावरून पाणी, नखं घासून, घडीचे धुतलेले कपडे. कामाचे कपडे गाठोड्यात करकचून बांधले. घरचं दूध सकाळपर्यंतच पुरणार होतं, आणि रात्री काढलेलं न्यायला आता बर्फ नव्हता. आता सगळं एकाच गोष्टीवर होतं, पोर अंगावर येतं की नाही. निदान सासूबाईंना बोलायला जागा नको, म्हणून तिने स्वतःला आरशासारखं लख्ख केलं होतं. काका मात्र होते तसेच बसमध्ये बसले, कालचाच शर्ट, कालचंच ग्रीस. त्यांना कशाची शुद्धच नव्हती. "मी येतो तुझ्या घरी," ते म्हणाले. "चूक माझ्या कुलपाची आहे. मीच सांगणार."

दार सासूबाईंनी उघडलं. नवरा कामावर गेला होता. त्यांच्या खांद्यावर बोक्या भुकेने लालबुंद झालेला. काकांनी चप्पल काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, कुलूप, फ्रीज, तार, सगळं एका दमात. सासूबाई ऐकत होत्या आणि त्यांचं लक्ष सुनेच्या रिकाम्या पिशवीवर होतं. पोर त्यांनी आईच्या हातात दिलं.

खारूताईने त्याला पोटाशी घेतलं. सकाळपासूनचं साठलेलं सगळं तिच्या छातीत दाटून आलं होतं. आतल्या खोलीत, पडद्याआड ती बसली. बोक्याने तोंड लावलं, हुंगलं, आणि मान फिरवली. तिने पुन्हा लावलं. त्याने पाठीची कमान केली आणि किंचाळला. या बाजूने, त्या बाजूने, उभं राहून, फेऱ्या मारत, गाणं म्हणत. तो अनोळखी बाईच्या हातात असल्यासारखा रडत होता.

"म्हटलं नव्हतं मी," सासूबाईंच्या तोंडून निघालं आणि त्यांनी लगेच जीभ चावली. "वाटीत काढ बाई. बाटलीने पाजून बघू. आण इकडे."

वाटीत काढायला हात मोकळे हवेत. सासूबाई वाटी उकळायला धावल्या. खारूताईने पडद्याआडून सरळ बाहेर येऊन पोर काकांच्या हातात कोंबलं. "धरा जरा."

कुलूपकाकांनी त्याला छातीशी धरलं, जसा यंत्राचा नाजूक सुटा भाग धरतात तसा. आणि बोक्या गप्प झाला. एकदम. त्याने नाक काकांच्या शर्टात खुपसलं, एक लांब श्वास घेतला, हुंदका गिळला, आणि तोंडाचा चंबू करून त्या काळपट खिशापाशी हपापल्यासारखा शोधाशोध करू लागला.

वाटी हातात घेऊन सासूबाई दारात थबकल्या. "अगं बाई!" त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्याकडे काय मिळणार त्याला!" आणि त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. काका शरमून पोराला दूर धरत होते आणि पोर पुन्हा त्यांच्याच छातीवर झेपावत होतं.

खारूताई हसत नव्हती. ती काकांच्या शर्टाकडे टक लावून बघत होती. मग ती गाठोड्यावर तुटून पडली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली, कामाचा शर्ट ओढून काढला, तो धुतलेल्या कपड्यांवरून अंगात चढवला आणि हात पसरले. "द्या."

या वेळी पडदा ओढायचंही कुणाला सुचलं नाही. काकांनीच तोंड भिंतीकडे केलं. त्यांना फक्त ऐकू आलं. आधी एक हुंगण्याचा आवाज. मग एक चिडका हुंकार. मग शांतता, इतकी की काकांनी श्वास रोखला. आणि मग गट, गट, गट, एका लयीत, मध्ये दम घेण्यापुरतं थांबून पुन्हा गट, गट. नव्या ग्रीसवर मोटर बसते तसा तो आवाज हळूहळू बसत गेला. आयुष्यात इतकी यंत्रं ऐकली, पण इतकं बिनचूक चाललेलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. इतक्या महिन्यांत आईचा वास म्हणून त्या पोराने काय काय मनात साठवलं होतं, दूध, घाम, लोखंड, ग्रीस, सगळं एकत्र, आणि त्यातलं एक जरी कमी पडलं तरी ती त्याची आई नव्हती. कुलूपकाकांचे हात नकळत जोडले गेले. कुणाला, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"चिकटला का?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"चिकटला," खारूताई म्हणाली. आवाज ओला होता.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. सुनेच्या जवळ बसून त्यांनी तिच्या खांद्यावरचा तो मळका शर्ट दोन बोटांनी सारखा केला, पोराच्या नाकापाशी थोडा ओढून दिला.

"हा धुवायला टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "पुढच्या दौऱ्याला जाशील तेव्हा घरीच ठेवून जा. पाळण्याला बांधेन मी."

खारूताईने मान वर केली. "पुढच्या दौऱ्याला?"

"मग! टेबलावर बसलीस तर त्याला हा वास आणायचा कुठून?"